शैक्षणिक आणि समुपदेशन मानसशास्त्रातील पदव्युत्तर प्रवेश : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रवेशाच्या हंगामात अर्जदारांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्न अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटन येथील अभ्यासक्रमांविषयी असतात, म्हणून उत्तरेही त्यांनाच धरून आहेत. विद्यापीठांचे नियम दरवर्षी थोडेफार बदलतात. त्यामुळे मुदत आणि अटी त्या त्या विभागाच्या संकेतस्थळावर पडताळून मगच अर्ज भरावा.

१. शैक्षणिक मानसशास्त्र आणि समुपदेशन मानसशास्त्र यांत नेमका फरक काय, आणि ही दोन्ही एकाच विभागात का शिकवतात?

माणूस शिकतो कसा, हा शैक्षणिक मानसशास्त्राचा विषय आहे. स्मृती, प्रेरणा, वाचन व गणित यांतील अडचणी, बौद्धिक विकास, चाचण्यांची रचना आणि मापन यांचा अभ्यास त्यात होतो आणि भर संशोधनावर असतो. समुपदेशन मानसशास्त्रात समोर बसलेल्या व्यक्तीबरोबर काम करायचे असते. नातेसंबंध, नैराश्य, चिंता, करिअरची निवड, आयुष्यातील मोठी स्थित्यंतरे हे त्याचे क्षेत्र असून प्रशिक्षणाचा मोठा भाग देखरेखीखालील प्रत्यक्ष कामात जातो.

दोन्ही एकत्र नांदण्यामागे इतिहास आहे. समुपदेशनाचे एक महत्त्वाचे मूळ व्यवसाय-मार्गदर्शनात आहे; फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ मध्ये बोस्टनमध्ये तरुणांना योग्य व्यवसाय निवडण्यास मदत करणारे केंद्र सुरू केले, ते या परंपरेतील आरंभीचे पाऊल मानले जाते. हे काम शाळा-महाविद्यालयांच्या आधाराने वाढले, म्हणून अनेक विद्यापीठांत समुपदेशन मानसशास्त्र आजही शिक्षणशास्त्र शाखेत आहे. मॅकगिल आणि ब्रिटिश कोलंबिया या कॅनडातील दोन विद्यापीठांच्या विभागांच्या नावांतच दोन्ही विषय आहेत आणि ते दोन्ही विभाग शिक्षणशास्त्र शाखेत येतात. केवळ ‘मानसशास्त्र विभाग’ एवढेच शोधणाऱ्या अर्जदारांच्या नजरेतून असे कित्येक चांगले अभ्यासक्रम निसटतात.

२. शालेय मानसशास्त्र, शालेय समुपदेशन आणि शैक्षणिक मानसशास्त्र ही एकाच गोष्टीची तीन नावे आहेत का?

नाहीत, आणि येथे होणारी गफलत सर्वांत महाग पडते. उत्तर अमेरिकेत शालेय मानसशास्त्रज्ञ मुलांचे मूल्यमापन करतो, अध्ययन-अक्षमता ओळखतो आणि शिक्षक व पालकांबरोबर उपाययोजना आखतो. अमेरिकेत नॅशनल असोसिएशन ऑफ स्कूल सायकॉलॉजिस्ट्स या संघटनेच्या निकषांनुसार त्यासाठी किमान ६० सेमिस्टर क्रेडिटचा अभ्यासक्रम आणि १,२०० तासांची इंटर्नशिप लागते, आणि त्यातले निदान ६०० तास शाळेत व्हावे लागतात. शालेय समुपदेशकाचा अभ्यासक्रम आणि परवाना वेगळा असतो. उत्तर अमेरिकेतील ‘शैक्षणिक मानसशास्त्र’ ही पदवी मात्र बहुतेक ठिकाणी संशोधनाची असते. तिच्या बळावर मुलांची निदानात्मक तपासणी करता येत नाही.

ब्रिटनमध्ये नेमके उलट आहे. तेथे ‘एज्युकेशनल सायकॉलॉजिस्ट’ ही कायद्याने संरक्षित उपाधी असून हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलकडे नोंदणी असल्याशिवाय ती लावता येत नाही. अमेरिकेतील शालेय मानसशास्त्रज्ञ जे काम करतो, साधारण तेच काम ही व्यक्ती करते. त्यामुळे पदवीचे नाव वाचून अर्ज करू नये. ती पदवी घेऊन बाहेर पडलेले विद्यार्थी कोणत्या पदावर काम करत आहेत, हे आधी शोधावे.

३. मला समुपदेशन करायचे आहे. मास्टर्स पुरेसे आहे की डॉक्टरेट करावीच लागेल?

कोणत्या देशात, कोणत्या राज्यात वा प्रांतात आणि कोणत्या उपाधीने काम करायचे आहे, यावर उत्तर अवलंबून आहे. म्हणून विचार उलट्या टोकाकडून करावा, म्हणजे आधी काम, मग त्यासाठी लागणारा परवाना आणि शेवटी तो परवाना मिळवून देणारी पदवी. अमेरिकेत ‘मानसशास्त्रज्ञ’ म्हणून स्वतंत्र व्यवसाय करण्यासाठी बहुतेक राज्यांत डॉक्टरेट लागते, मात्र मास्टर्सनंतर परवानाधारक समुपदेशक होता येते आणि थेरपी करता येते. कॅनडात क्वेबेकमध्ये मानसशास्त्रज्ञ होण्यासाठी डॉक्टरेट आवश्यक आहे, तर आल्बर्टात मास्टर्सनंतरही त्या नोंदणीचा मार्ग खुला आहे. इंग्लंडमध्ये शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ होण्यासाठी तीन वर्षांची व्यावसायिक डॉक्टरेट करावी लागते.

पीएचडी आणि सायडी (PsyD, म्हणजे मानसशास्त्रातील व्यवसायकेंद्री डॉक्टरेट) यांतील फरकही अनेकजण विचारतात. अमेरिकेतील मानसशास्त्र-प्रशिक्षणावरील १९४९ च्या बोल्डर परिषदेने संशोधक आणि व्यावसायिक या दोन्ही भूमिका एकाच व्यक्तीत घडवण्याचा आराखडा मांडला. पीएचडीचे प्रशिक्षण मुख्यतः त्यावर उभे आहे. याच विषयावरील १९७३ च्या व्हेल परिषदेने सायडी पदवीला मान्यता दिली. परवान्याच्या दृष्टीने दोन्ही चालतात, पण खर्चात मोठे अंतर पडू शकते (प्रश्न १४ पाहा). ज्याला संशोधनात रस नाही, त्याने केवळ प्रतिष्ठेसाठी पीएचडीच्या मागे लागू नये. पाच-सहा वर्षे आकडेवारी आणि प्रबंधात घालवताना ती नावड रोज टोचते.

४. अधिस्वीकृती (accreditation, म्हणजे अभ्यासक्रम ठरलेल्या निकषांना उतरतो अशी व्यावसायिक संस्थेची मान्यता) खरोखर एवढी महत्त्वाची आहे का?

व्यवसाय करायचा असेल तर होय. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन डॉक्टरेट पातळीवर चिकित्सा, समुपदेशन आणि शालेय मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमांना अधिस्वीकृती देते. निखळ शैक्षणिक मानसशास्त्र त्या यादीत नाही, कारण ते परवान्याचे क्षेत्र नाही. त्यामुळे अशा अभ्यासक्रमाला अधिस्वीकृती नसणे हा दोष समजू नये. कॅनडातील व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी कॅनेडियन सायकॉलॉजिकल असोसिएशनची अधिस्वीकृती पाहावी. अमेरिकेतील मास्टर्स पातळीच्या समुपदेशन अभ्यासक्रमांसाठी ‘केकरेप’ (CACREP) ही अधिस्वीकृती देणारी प्रमुख संस्था असून तिच्या निकषांत १०० तासांचे प्रॅक्टिकम (देखरेखीखालील प्राथमिक प्रत्यक्ष काम) आणि ६०० तासांची इंटर्नशिप आहे. काही राज्ये समुपदेशकाच्या परवान्यासाठी केकरेप-मान्य पदवीच मागतात, म्हणून ‘समुपदेशन मानसशास्त्रात मास्टर्स’ असे भारदस्त नाव असलेली, पण ही मान्यता नसलेली पदवी तेथे अडचणीची ठरू शकते.

अमेरिकन असोसिएशनची अधिस्वीकृती असलेल्या प्रत्येक डॉक्टरेट अभ्यासक्रमाला पदवी पूर्ण होण्यास लागणारी वर्षे, खर्च, इंटर्नशिप मिळण्याचे प्रमाण, मध्येच सोडून गेलेले विद्यार्थी आणि परवाना मिळवणाऱ्यांचे प्रमाण हे सारे स्वतःच्या संकेतस्थळावर जाहीर करावे लागते. माहितीपत्रकातील हसऱ्या छायाचित्रांपेक्षा हा तक्ता कितीतरी अधिक सांगतो, आणि तरीही अर्ज करण्यापूर्वी तो उघडून पाहणारे फार थोडे असतात.

५. माझी पदवी मानसशास्त्रातील नाही. अर्ज करता येईल का?

शैक्षणिक मानसशास्त्राच्या संशोधनप्रधान अभ्यासक्रमांत येईल, आणि कित्येकदा वेगळी पार्श्वभूमी उपयोगीच पडते. वर्गात शिकवलेला शिक्षक, भाषाशास्त्राचा किंवा संख्याशास्त्राचा पदवीधर तेथे परका ठरत नाही. समुपदेशन आणि शालेय मानसशास्त्रात मात्र संख्याशास्त्र, संशोधनपद्धती, विकासात्मक, सामाजिक व अपसामान्य मानसशास्त्र यांसारखे विषय आधी झालेले असावेत, अशी अट सहसा असते. ही उणीव काही विषय स्वतंत्रपणे पूर्ण करून किंवा विद्यापीठाने देऊ केलेल्या पूर्वतयारीच्या वर्षातून भरून काढता येते. ब्रिटनमध्ये ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीची पदवीधर पात्रता आवश्यक असते आणि अन्य विषयांच्या पदवीधरांसाठी तेथे रूपांतर अभ्यासक्रम आहेत.

६. माझी पदवी तीन वर्षांची आहे आणि गुणही फारसे चांगले नाहीत. दार बंद झाले असे समजू का?

असे समजू नये. तीन वर्षांची पदवी काही विद्यापीठे थेट स्वीकारतात, काही तिच्या जोडीला मास्टर्स मागतात. हे प्रत्येक ठिकाणी लेखी विचारून घ्यावे आणि सर्व विषयांचे तपशीलवार अभ्यासक्रम जपून ठेवावेत, कारण समकक्षता ठरवताना तेच मागितले जातात. गुणांच्या बाबतीत प्रवेश समिती एकूण आकड्याबरोबर त्याची चढती-उतरती दिशाही पाहते. पहिल्या वर्षी घसरलेला, पण शेवटच्या दोन वर्षांत संख्याशास्त्र आणि संशोधनपद्धतीत उत्तम गुण मिळवलेला विद्यार्थी मागे पडत नाही. घसरणीचे कारण सांगायचे असल्यास ते एका-दोन वाक्यांत, शक्यतो उद्देशपत्राऐवजी (अर्जासोबत द्यायच्या, स्वतःचा हेतू सांगणाऱ्या निवेदनाऐवजी; प्रश्न १० पाहा) अर्जातील अतिरिक्त माहितीच्या रकान्यात सांगावे.

७. जीआरई (पदव्युत्तर प्रवेशासाठीची सामायिक परीक्षा) द्यावी लागते का?

अनेक विभागांनी ही अट काढून टाकली आहे, तरी सर्वांनी नाही. ‘आवश्यक’, ‘ऐच्छिक’ आणि ‘पाठवली तरी पाहिली जाणार नाही’ अशा तीन भूमिका आढळतात, आणि तिसऱ्या प्रकारात परीक्षेवर पैसे घालवणे व्यर्थ आहे. ऐच्छिक असेल तर गणिती विभागातील चांगले गुण अशा अर्जदाराला उपयोगी पडतात, ज्याच्या गुणपत्रकात संख्याशास्त्र दिसत नाही. सप्टेंबर २०२३ पासून ही परीक्षा दोन तासांपेक्षा थोडी कमी वेळाची झाली आहे. शाब्दिक आणि गणिती विभागांचे गुण १३० ते १७० या पट्टीवर मिळतात आणि ते पाच वर्षे ग्राह्य असतात. टोफेल आणि आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण मात्र सहसा दोनच वर्षे चालतात.

८. अनुभव कोणता आणि किती लागतो?

संशोधनप्रधान अर्जासाठी प्रयोगशाळेतील किंवा एखाद्या प्रकल्पातील काम हवे. माहिती गोळा करणे, ध्वनिमुद्रित मुलाखती लिहून काढणे, उत्तरांना वर्गवारीनुसार संकेत देणे (कोडिंग), प्रबंध यांपैकी काहीही चालते. समुपदेशनासाठी हेल्पलाइन, वसतिगृह, विशेष मुलांची शाळा, पुनर्वसन केंद्र अशा ठिकाणी माणसांबरोबर केलेले सातत्याचे काम मोलाचे ठरते. इंग्लंडमधील शैक्षणिक मानसशास्त्राच्या डॉक्टरेटसाठी मुलांबरोबर किंवा तरुणांबरोबर पूर्णवेळ कामाचे किमान एक वर्ष अपेक्षित असते. पंधरवड्याची पाच प्रमाणपत्रे जमवण्यापेक्षा एका ठिकाणी वर्षभर टिकून राहिलेले बरे. एक सूचना कळकळीने करावीशी वाटते : प्रशिक्षण नसताना केलेल्या कामाला अर्जात ‘थेरपी’ म्हणू नये. ऐकून घेणे, धीर देणे आणि योग्य ठिकाणी पाठवणे हे काम मोलाचे आहेच, आणि त्याला त्याच नावाने संबोधणारा अर्जदार समितीला जबाबदार वाटतो.

९. अर्ज करण्यापूर्वी प्राध्यापकांना ईमेल पाठवावी का?

पीएचडी आणि संशोधनप्रधान मास्टर्ससाठी बहुतेक ठिकाणी पाठवावी, कारण तेथे निवड मार्गदर्शकाशी जुळणाऱ्या विषयावर होते आणि त्या वर्षी मार्गदर्शक नवा विद्यार्थी घेणारच नसेल, तर उत्तम अर्जही वाया जातो. व्यावसायिक मास्टर्समध्ये साधारणतः संपूर्ण तुकडीची एकत्र निवड होते, तेथे अशा ईमेलची गरज नसते. काही विभाग पूर्वसंपर्क करू नये असे स्पष्ट सांगतात, त्यांचा शब्द पाळावा. डिसेंबरचा आरंभ ते जानेवारीचा मध्य हा उत्तर अमेरिकेतील अर्जांच्या मुदतीचा नेहमीचा काळ असल्याने सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लिहिलेले चांगले.

ईमेल दहा-बारा ओळींची असावी. ‘आपले संशोधन मला प्रेरणादायी वाटते’ हे वाक्य त्या प्राध्यापकांनी शेकडो वेळा वाचलेले असते आणि ते कोणालाही पाठवता येते. त्याऐवजी असे लिहिता येईल : ‘परीक्षेची भीती आणि कार्यरत स्मृती यांवरील आपल्या शोधनिबंधात नमुना महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा होता. मी दहा-अकरा वर्षांच्या मुलांना गणित शिकवते आणि तोंडी विचारलेले उदाहरण सोडवणारी मुले वेळेची मर्यादा घालताच अडखळतात, हे मला सतत दिसते. या वयात तोच संबंध आढळेल का, हा प्रश्न मला अभ्यासायचा आहे. येत्या वर्षी आपण नवे विद्यार्थी घेणार आहात का?’ अशी ईमेल लिहिण्यासाठी शोधनिबंध खरोखर वाचावा लागतो. दोन आठवड्यांत उत्तर आले नाही तर एकदा आठवण करावी, त्यापुढे करू नये. मौन म्हणजे नकार असे धरून अर्ज टाळण्याचेही कारण नाही.

१०. उद्देशपत्रात काय लिहावे?

चार गोष्टी कळल्या पाहिजेत : कोणता प्रश्न तुम्हाला अस्वस्थ करतो, तो हाताळण्याची तयारी कशी झाली, याच अभ्यासक्रमात का यायचे आहे, आणि पुढे काय करायचे आहे. यांपैकी तिसऱ्या मुद्द्यावर अर्ज सर्वाधिक कच्चे असतात. विद्यापीठाचे नाव बदलून तोच परिच्छेद दुसरीकडे पाठवता येत असेल, तर तो परिच्छेद पुन्हा लिहावा.

एका मसुद्याची सुरुवात ‘मला लहानपणापासून लोकांना मदत करायला आवडते’ अशी होती. त्याच अर्जदाराच्या तिसऱ्या पानावर हे दडलेले होते : ‘गोष्ट वाचून दाखवली की तिचा अर्थ अचूक सांगणारा मुलगा तीच गोष्ट छापील रूपात समोर येताच गप्प होई आणि पेन्सिलीचे टोक मोडून ते करून आणण्यासाठी वर्गाबाहेर जाई.’ हे वाक्य वर आणल्यावर पुढचा सारा मजकूर त्याभोवती आपोआप रचला गेला, कारण मोडलेल्या त्या टोकात वाचनाची अडचण आणि ती लपवण्याची धडपड दोन्ही होत्या, आणि अर्जदाराला नेमके त्याच दोहोंच्या संबंधावर काम करायचे होते. शब्दमर्यादा पाळावी, दोन जाणकारांकडून मसुदा वाचून घ्यावा, आणि दुसऱ्याकडून किंवा यंत्राकडून लिहून घेतलेले पत्र पाठवू नये. मुलाखतीत त्यातल्या प्रत्येक ओळीवर प्रश्न येऊ शकतो.

११. मी स्वतः नैराश्यातून गेले आहे आणि त्यातूनच या क्षेत्राकडे वळले. हे लिहू का?

या प्रश्नामागे बहुधा बराच काळ मनात घोळलेला विचार असतो, म्हणून उत्तर सविस्तर देत आहोत. तो अनुभव हा कमीपणा नाही आणि तो असलेली अनेक माणसे उत्तम समुपदेशक होतात. तरीही २००६ मध्ये ‘टीचिंग ऑफ सायकॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या, प्रवेश समित्यांच्या अध्यक्षांच्या पाहणीवर आधारित अभ्यासात अर्जाला घातक ठरणाऱ्या बाबींमध्ये वैयक्तिक निवेदनातील अशा खाजगी तपशिलांचा उल्लेख आहे. वाचणाऱ्याला तुम्ही अर्जातूनच माहीत असता. त्या व्यथेचे आज काय झाले आहे, हे त्याला एका पानावरून ताडता येत नाही.

आमचे मत असे की, लक्षणे, औषधे आणि प्रसंग यांचा तपशील देऊ नये. उल्लेख करायचाच असेल तर तो एका वाक्यापुरता ठेवून लगेच त्यातून निर्माण झालेल्या अभ्यासविषयाकडे वळावे. उल्लेख टाळणे म्हणजे अप्रामाणिकपणा नव्हे, कारण आरोग्याची माहिती कोणाला द्यायची हा तुमचा अधिकार आहे. प्रशिक्षणाच्या काळात सोयीसवलत हवी असल्यास ती प्रवेश मिळाल्यानंतर विद्यापीठाच्या अपंगत्व-साहाय्य कार्यालयाकडे मागता येते आणि त्या कार्यालयाचा प्रवेश समितीशी संबंध नसतो. कुटुंबीयांच्या आजाराविषयी लिहिताना त्यांची संमती आहे का, हेही स्वतःला विचारावे.

१२. शिफारसपत्रे कोणाकडून घ्यावीत?

तुमचे काम जवळून पाहिलेल्या व्यक्तीकडून. विभागप्रमुखांच्या तीन मोघम ओळींपेक्षा प्रबंधाचे मार्गदर्शन केलेल्या तरुण प्राध्यापकाचे दीड पान अधिक उपयोगी असते. नातेवाईक, कौटुंबिक स्नेही आणि स्वतःचा थेरपिस्ट यांच्याकडून पत्र घेऊ नये. किमान सहा आठवडे आधी विनंती करावी, सोबत उद्देशपत्राचा मसुदा आणि मुदतींची यादी द्यावी, आणि ‘सकारात्मक पत्र देणे शक्य होईल का’ असे मोकळेपणाने विचारावे. अमेरिकी अर्जांत पत्र पाहण्याचा हक्क सोडायचा का, असा प्रश्न असतो; हा हक्क १९७४ च्या विद्यार्थी-अभिलेख कायद्यातून आला आहे. बहुतेक अर्जदार तो सोडतात, कारण गोपनीय पत्रावर समितीचा विश्वास अधिक बसतो.

१३. मुलाखतीत काय विचारतात?

संशोधनाची आवड, एखादा नैतिक पेच, स्वतःच्या पूर्वग्रहांची जाणीव आणि कठोर अभिप्राय मिळाल्यावर तुम्ही काय केले, हे विषय हमखास येतात. समुपदेशन अभ्यासक्रमांत गटचर्चा किंवा छोटा भूमिकाभिनयही असतो. त्यात सल्ला देण्याची घाई न करता ऐकणारा उमेदवार उठून दिसतो.

१४. खर्चाचे काय?

उत्तर अमेरिकेतील पीएचडीत शुल्कमाफी आणि संशोधन वा अध्यापन साहाय्यकाचे विद्यावेतन अनेक ठिकाणी मिळते. मास्टर्स आणि सायडी यांचा खर्च मात्र बहुतेकदा विद्यार्थ्यालाच करावा लागतो. हमी किती वर्षांची आहे, उन्हाळ्यातील महिने धरले आहेत का, परदेशी विद्यार्थ्यांचे वाढीव शुल्क माफ होते का आणि प्रॅक्टिकमचे तास विनावेतन आहेत का, हे चार प्रश्न ऑफर स्वीकारण्यापूर्वी लेखी विचारावेत.

१५. ऑनलाइन अभ्यासक्रम चालेल का?

वर्ग ऑनलाइन असले तरी प्रॅक्टिकम प्रत्यक्ष जागेवर, परवानाधारक पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली करावे लागते. तुम्ही राहता तेथे विद्यापीठ ती जागा मिळवून देणार की तुम्हीच शोधायची, आणि तेथील परवाना मंडळ ती पदवी मानते का, यांची उत्तरे मंडळाकडूनच घ्यावीत. अधिस्वीकृतीसाठी प्रश्न ४ पाहा.

१६. एका विद्यापीठाची ऑफर आली आहे आणि पसंतीच्या विद्यापीठाचे उत्तर बाकी आहे. काय करू?

अमेरिकेतील कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सच्या ठरावावर सही केलेली विद्यापीठे आर्थिक साहाय्यासह दिलेल्या ऑफरवर १५ एप्रिलपूर्वी निर्णय मागत नाहीत. दुसऱ्या विभागाला परिस्थिती सांगून उत्तर कधी मिळेल, हे विचारण्यात गैर काही नाही. हातात दोन ऑफर असतील तर नको असलेली लगेच नाकारावी, कारण प्रतीक्षायादीतील कोणीतरी त्याच जागेकडे डोळे लावून बसलेले असते.

१७. एका देशात शिकून दुसऱ्या देशात परवाना मिळेल का?

मिळू शकतो, पण आपोआप नाही. अमेरिकेत आणि कॅनडाच्या अनेक प्रांतांत ईपीपीपी (EPPP) ही मानसशास्त्रज्ञांच्या परवान्यासाठीची २२५ प्रश्नांची परीक्षा द्यावी लागते, आणि त्याआधी पदवी, इंटर्नशिप व देखरेखीखालील तास तपासले जातात. अमेरिकन आणि कॅनेडियन सायकॉलॉजिकल असोसिएशननी २०१२ च्या करारात परस्परांच्या अधिस्वीकृतीला मान्यता दिली असली, तरी परवाना देणे स्थानिक मंडळाच्याच हाती असते. शिकत असतानाच प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम, पर्यवेक्षकाची सही असलेली तासांची नोंद आणि चाचण्यांची यादी जपून ठेवावी. दहा वर्षांनी पर्यवेक्षक निवृत्त झालेले असतात आणि तो कागद पुन्हा मिळत नाही.

१८. सगळीकडून नकार आला. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करण्यात अर्थ आहे का?

आहे. समुपदेशनाच्या डॉक्टरेट अभ्यासक्रमांत एका तुकडीत बऱ्याचदा दहापेक्षाही कमी जागा असतात, त्यामुळे पात्र अर्जदारांनाही नकार मिळतो आणि दुसऱ्या प्रयत्नात प्रवेश मिळणे नवलाचे नाही. मात्र तोच अर्ज नव्या तारखेने पाठवू नये. मुलाखतीपर्यंत गेला असाल तर विभागाला नम्रपणे अभिप्राय विचारावा, काहीजण देतात. मुलाखतच आली नसेल तर प्रश्न बहुधा मार्गदर्शकाशी जुळणीचा (प्रश्न ९), पूर्वतयारीच्या विषयांचा (प्रश्न ५) किंवा संशोधनाच्या अनुभवाचा (प्रश्न ८) असतो. यादीतील सर्व विद्यापीठे सारख्याच चुरशीची होती का, हेही तपासावे. मधल्या वर्षात एखाद्या प्रकल्पावर साहाय्यक म्हणून रुजू होता आले तर अनुभव आणि नवे शिफारसपत्र दोन्ही मिळतात. त्यासाठी विचारणा एप्रिल-मे महिन्यांतच सुरू करावी, कारण प्रयोगशाळा पुढील वर्षाची माणसे त्याच सुमारास घेऊ लागतात.